आईच्या डब्यातला डिंक

साठचं साल उलटलं होतं. वडिलांची बदली जयपूरला झाली आणि मी तिथल्याच विद्यापीठात पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता थोरियमचं ऑक्साइड, पुढेमागे अणुभट्टीत इंधन म्हणून चालेल अशी पांढरी भुकटी. आमच्याकडच्या क्ष-किरणांना त्यातला जड थोरियम दिसायचा, हलका ऑक्सिजन काही केल्या दिसेना. तो हेरावा न्यूट्रॉननीच, आणि न्यूट्रॉन मिळत मुंबईच्या अणुभट्टीवर. दोन वर्षं अर्ज केल्यावर तिथे चार दिवस मिळाले. माझी सगळी पीएच.डी. त्या चार दिवसांवर होती.

भुकटी दाबून केलेल्या वड्या हात लागला की मोडत. रेल्वेच्या धक्क्यांत त्या काय टिकणार? मी डोकं लढवलं. क्ष-किरणांसाठी आम्ही भुकटी डिंकात कालवूनच काचेच्या काडीला चिकटवायचो. इथेही तसंच करायचं. प्रयोगशाळेतला डिंक संपलेला, म्हणून आईने थंडीच्या लाडवांसाठी राखलेला काढून दिला. "माझा डिंक अणुभट्टीत जाणार," असं तिने जयपुरातल्या आमच्या टिळकनगरच्या शेजारणींना सांगून टाकलं. माझे मार्गदर्शक सर वडी हातात फिरवत म्हणाले, "शाबाश बेटा, अब नहीं टूटेगी."

नाहीच मोडली. मुंबईत तिसऱ्या दिवशी आलेख निघाला. शिखरं हवीत तिथे नुसता फुगवटा. तिथल्या साहेबांनी विचारलं, "यात काय घातलंय?" मी सांगितलं. ते हसले नाहीत, तेच जास्त लागलं.

"अहो, डिंकात हायड्रोजन असतो. न्यूट्रॉन त्याच्यावर आपटून दाही दिशांना उधळतात. क्ष-किरणांना तो दिसत नाही, म्हणून तुमचं आजवर निभावलं."

हेच मी एम.एस्सी.च्या पेपरात लिहून गुण मिळवले होते! हाताला मात्र क्ष-किरणांचीच सवय. स्वतःची इतकी चीड मला पुन्हा कधी आली नाही.

उरलेल्या एका दिवसात काही होण्यासारखं नव्हतं, आणि भट्टीवर पुन्हा पाळी मिळाली नाही. सर निवृत्त झाले, नव्या सरांना त्या विषयात रस नव्हता, आणि मी विम्याच्या कचेरीत लागलो. घरी सांगितलं, वड्या मोडल्या नाहीत. ते खोटंही नव्हतं. पदवी हुकल्याचं खापर आईने सरांच्या निवृत्तीवर फोडलं, आणि मी फोडू दिलं.

पुढे दर थंडीत लाडू करताना ती मूठभर डिंक पुडीत बांधून मला द्यायची. "असू दे रे, तुझ्या भट्टीवाल्यांनी परत बोलावलं तर."

मी पुडी घ्यायचो. खरं सांगायची हिंमत ती जाईपर्यंत झाली नाही.