दोन नंबरची कॅप

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही — बायकोपाशीही नाही. चार वर्षे झाली. तुमच्यापाशी तरी नीट सांगता येईल का, कोण जाणे.

पंधरा वर्षे तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवल्यानंतर, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मी जालना रोडवरच्या एका गॅरेजात इंजिनाचे काम शिकू लागलो. शिकवणारे रज्जाक उस्ताद माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. बाकीचे कारागीर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. सगळे मला मास्तर म्हणत. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे विचारण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. धैर्य — हा शब्द मी वापरावा का?

एका पिकअपचे इंजिन आम्ही पुन्हा जुळवत होतो. पिस्टनला खालच्या क्रँकच्या दांड्याशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची खालची कॅप ज्या रॉडची, त्याच रॉडला बसवावी लागते. म्हणून दोन्हींवर एकच बारीक आकडा कोरलेला असतो. उस्ताद वरून पिस्टन सिलिंडरात ढकलत होते. मी गाडीखाली उताणा पडून कॅप लावत होतो.

“आकडा बघून लावा हौ, मास्तर. इधर पाढे नक्को!”

सगळे हसले. मीही हसलो. मला आकडा दिसत नव्हता — दोन की तीन, नुसता काळा ठिपका. ‘दिसत नाही’ एवढेच म्हणायचे होते. मी म्हणालो, “दोन.” उरलेली कॅप अर्थातच तीनला गेली.

नट आवळल्यावर उस्तादांनी क्रँक हाताने फिरवला, आणि ते थांबले.

“जड जातंय. नंबर नीट पाहिले ना, मास्तर?”

इथे तरी — निदान इथे तरी?

“पाहिले,” मी म्हणालो. माझ्या शब्दावर त्यांनी इंजिनाची जुळणी पुरी केली.

आठवड्याभरात गाडी चितेगावजवळ बसली. रॉड तुटून ब्लॉक फुटला होता. इंजिन उघडल्यावर गॅरेजच्या मालकांना दोनची कॅप तीनच्या रॉडवर दिसली.

“चाचा, हे काय केलं? नजर गेली का तुमची?”

उस्तादांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे, वाट पाहावी तसे. मी पान्यांचा ट्रे पुसू लागलो. किती वेळ पुसला!

“हौ मालक,” ते म्हणाले, “नंबर मीच बघितले होते.”

त्यानंतर त्यांना इंजिनाला हात लावू दिला नाही. आयुष्यभर इंजिने बांधलेला माणूस आता शेडच्या टोकाला ग्रीस भरतो. पुढे त्यांची जागा मला मिळाली. गिऱ्हाईक आले की मालक सांगतात, “चाचांना आता दिसत नाय, मास्तर बघतील.” मी मान डोलावतो.

दिसत मला नव्हते. जवळचा चष्मा करून महिना झाला होता. तो त्या पोरांसमोर लावण्याची मला लाज वाटत होती. ‘दोन’ म्हणालो तेव्हा तो चष्मा माझ्या शर्टाच्या खिशातच होता. त्याची काडी छातीला टोचत होती.