अप्पांनी वर केलेला हात

भानामती, करणी, झपाटणं... यातलं काहीही मी मानत नाही. इथे ग्रुपवर कुणाचा अनुभव वाचला की मला आधी विचारावंसं वाटतं — आदल्या रात्री खाल्लं काय होतं? तेव्हा आता माझंही तसंच हसं होणार, हे धरूनच लिहितेय.

आम्ही कुंभारीला राहतो, सोलापूरजवळ, कामगारांच्या वसाहतीत. दोन खोल्या, घरात मी आणि माझे वडील — अप्पा. अप्पांनी उभं आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काढलं आणि त्या खडखडाटात कान गमावले. आता दारासमोर वरातीचा डीजे वाजला तरी ते खुशाल घोरतात. समोरच्याचं बोलणं ओठांवरून ओळखतात, बाकी खाणाखुणा. कारखान्यात सगळे असंच बोलायचे, कारण मागांच्या आवाजात कुणालाच काही ऐकू यायचं नाही. तळहात डोक्याच्या वर उंच धरला की त्याचा अर्थ 'माग थांबव'. कुणाचं बोट अडकलं असेल, कुणाला भोवळ आली असेल... विचारत बसायचं नाही, आधी थांबवायचं. हात वर झाला आणि माग थांबला नाही असं कधीच झालं नाही, हे अप्पा आजही अभिमानाने सांगतात.

आणि अशा माणसाच्या मुलीचं काम काय, तर ऐकणं. परदेशातल्या एका समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहतायत. तिथे पाण्यात माइक सोडून रेकॉर्डिंग करतात आणि त्या फाइल्स पुण्याच्या एका कंपनीमार्फत माझ्याकडे येतात. हेडफोन लावायचे आणि डॉल्फिन कुठे, देवमासा कुठे, बोटीचं इंजिन कुठे, ते मार्क करायचं. समुद्र मी अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही, पण त्याच्या पोटातलं बरंच ऐकलंय.

पवनचक्कीसाठी आधी समुद्राच्या तळात लोखंडी खांब ठोकावा लागतो. तो आवाज पाण्यातून फार लांब जातो. म्हणून सुरुवातीला घाव हळू घालतात, म्हणजे आसपासच्या प्राण्यांना निघून जायला वेळ मिळतो. पवनचक्क्या नकोत असं मी म्हणत नाही हं. उन्हाळ्यात आमच्याकडे लाईट गेली की सगळ्यात आधी मीच बोंबलते.

तर... एप्रिलमधली दुपार. मी आतल्या खोलीत, दार लावलेलं, कानाला बिनवायरचे हेडफोन. फाइलमध्ये एका देवमाशाच्या मादीची हाक होती — खालच्या सुरातून वर चढत जाणारी. आई आणि पिल्लू लांब पडले की अशा हाका मारतात, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. पिल्लाचं उत्तर मात्र येत नव्हतं. तेवढ्यात अप्पा दार ढकलून आत आले.

"कोन हाक मारायलंय गं?"

हेडफोन काढून, ओठ नीट हलवत मी विचारलं, "कुठं?"

"हितंच की. बाई हाय कोन तर. मगू हुडकायली." आमच्या घरात मराठी-कानडी दोन्ही चालतात, पण अप्पा अस्वस्थ झाले की हमखास कानडी शब्दावर जातात. मगू म्हणजे लेकरू.

मी लगेच तपासायला बसले. अप्पांना बाहेरच्या खोलीत बसवलं, दार लावलं. हेडफोनवरच डॉल्फिनची फाइल लावली — काही नाही. बोटीचं इंजिन — काही नाही. पुन्हा ती हाक लावली आणि बाहेरून आवाज आला, "बग, परत मारायली." जमिनीतून हादरे जात असतील म्हणून लॅपटॉप उशीवर ठेवून पाहिला. तेच. नंतर तीच हाक स्पीकरवर मोठ्याने, अगदी त्यांच्या कानाशी लावली, तर अप्पा माझ्याकडे बघत राहिले. "का गं, काय वाजतंय का?"

मी स्पीकर बंद केला.

त्याच जागेची पुढची फाइल होती खांब ठोकण्याची. मी ती लावायला नको होती, पण काम होतं. आधी हळू घाव पडले. हाक चालूच होती. सगळे प्राणी निघून जातात म्हणे, ही गेली नव्हती. पिल्लू तिथेच कुठेतरी असताना ती कशी जाईल? मग घाव जोरात पडायला लागले आणि हाक त्यात बुडून गेली. मी दार उघडून पाहिलं.

अप्पा बाहेरच्या खोलीत उभे होते, भिंतीकडे तोंड करून. हात डोक्याच्या वर, तळहात सरळ. माग थांबव.

माझ्या कानात घाव पडतच होते. अप्पांचा हात थरथरायला लागला तरी त्यांनी तो खाली घेतला नाही. "थांबवंना का कुनी? दिसत न्हाय का हात?" ते भिंतीला विचारत होते. मला रडू आलं. शेवटी मी धावत जाऊन पॉज दाबलं.

अप्पांनी हात खाली घेतला आणि ते जमिनीवर बसले. "थांबलं," म्हणाले.

मी पुण्याला कंपनीतल्या सरांना फोन केला. अप्पांचं कसं सांगणार? एवढंच विचारलं, की ती मादी तिथेच आहे, काम थांबवता येईल का. सर भला माणूस. म्हणाले, "अगं, ते रेकॉर्डिंग मागच्या वर्षीचं आहे. तिथं आता पवनचक्की फिरतेय." ती फाइल मी अर्धवटच परत पाठवली. दुसऱ्या कुणीतरी पूर्ण केली असेल.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. अप्पांना काहीही ऐकू येत नाही, आधीही नाही आणि आत्ताही. मग त्या दुपारी काय झालं, मला सांगता येत नाही. कुणाला कळलं तर खरंच सांगा.

पण त्या दिवशी सरांचा फोन ठेवून मी बाहेर आले तेव्हा अप्पा माझीच वाट बघत होते. आवाज त्यांच्या सांगण्यावरून थांबला, असंच त्यांना वाटत होतं.

"आता ऐकू जाईल की गं तिच्या मगूला?"

ओठांवरचं खोटं अप्पा लगेच ओळखतात. म्हणून मी ओठ मिटले आणि नुसती होकारार्थी मान हलवली.