उस्मानपुऱ्यातला फ्रेंचचा वर्ग

संध्याकाळचे साडेसहा. उस्मानपुरा, दुसरा मजला, फ्रेंचचा वर्ग. मी गेलो बातमीला आणि बसलो वर्षभर! तिथले किस्से इतके साठलेत, की एक काढला की दुसरा आपोआप पुढं येतो.

शिकवायला कुलकर्णी मॅडम. शिकणारे सगळे गाईड होऊ पाहणारे. मॅडमचा नियम एकच : क्रियापद आधी तोडायचं, मग बोलायचं. "रगार्दे, म्हणजे बघा. र-गार-दे! एका तुकड्याला एक टाळी!"

खालचा इस्त्रीवाला एकदा मला म्हणाला, "साहेब, वर रोज आरती कुणाची असते?"

*

एके दिवशी मॅडमनी सांगितलं, क्रियापदाची शेवटची अक्षरं लिहायची, पण पुष्कळदा उच्चारायची नाहीत.

रिक्षावाले शफीकभाई उसळले. "लिखना पूरा, बोलना आधा? ये तो अपने नल का हाल है, मॅडम! टाइमटेबल में रोज, पानी आता आठ दिन में!"

*

वर्गातला सांडू अजिंठ्याचा. घरी मेंढरं. दुष्काळात चाऱ्यासाठी परमुलूख गाठायचा. गाईडचा परवाना मिळाला तर हे सुटणार होतं. त्यामुळं तो गावी गेला की हापशावरसुद्धा अभ्यास करायचा, एका तुकड्याला एक हिसका.

रांगेतली काकू करवादली, "सांड्या, तीन तुकड्याचं म्हन रं! दोन तुकड्यात हंडा भरत नाय!"

*

लेण्यांच्या पायथ्याशी सांडूनं फ्रेंच म्हाताऱ्यांच्या एका घोळक्याला डोंगर दाखवला. "र-गार-दे!" आणि सवयीनं तीन टाळ्या. घोळक्यानंही तीन टाळ्या वाजवल्या, डोंगराकडं पाहिलं आणि सगळे अर्धा तास त्याच्याच मागं फिरले.

हे ऐकून मॅडम चिडल्या. "टाळी वर्गात ठेवून जायची असते!"

"टाळीबिगर तोंडच उघडत नाय, मॅडम."

*

परवान्याची परीक्षा. सकाळी लेखी झाली. तोंडी दुपारी दोनला. सांडू दोन्ही हात मांडीखाली दाबून बाकावर बसला. टाळी वाजली तर घात!

तीन वाजले. चार वाजले. परीक्षक आलेच नाहीत. पाचला शिपायानं हजेरीपटावर सह्या घेतल्या. "जावा आता. कळवतील."

महिन्यानं निकाल लागला. लेखी : पास. तोंडी : नापास. शेरा : 'क्रियापदांचे उच्चार सदोष'. खाली परीक्षकाची सही.

मी कार्यालयात गेलो. "हे उच्चार ऐकले कुणी?"

कारकून म्हणाला, "लेखी अर्ज द्या."

दिला. सांडू मेंढरं घेऊन निघून गेला. अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही.