लेम्पीच्या घराचं पांघरूण

ऑक्टोबरच्या अखेरीस वायनो कांगास ट्रॅक्टरला गाडी जोडून लेम्पी साल्मेलाच्या अंगणात येतो. ती खिडकीतून बघते आणि कॉफीचं पाणी ठेवते. वायनो गवताचे गठ्ठे उतरवतो, घराच्या पायाला लागून चारही बाजूंनी रचतो, वर देवदाराच्या फांद्या टाकतो. मोठा बर्फ पडला की तो त्यावर बसतो आणि तळघराच्या भिंतींना एप्रिलपर्यंत वारा लागत नाही. सरोवराकाठच्या हेमलॉक बे गावात याला घर पांघरणं म्हणतात. नवी घरं कोणी पांघरत नाही, त्यांच्या भिंतींतच थंडी अडवणारं काय ते भरलेलं असतं. लेम्पीचं घर तिच्या सासऱ्याने बांधलेलं आहे.

पूर्वी हे काम तिचा नवरा आर्ने करायचा. तो गेला त्या वर्षी वायनो न विचारता गठ्ठे घेऊन आला, आणि मग येतच राहिला. दोन घरांच्या मध्ये फक्त बटाट्याचं शेत आहे. आर्ने आणि वायनो तांब्याच्या खाणीत एका पाळीत होते. खाण बंद झाल्यावर दोघांनी मिळून लाकूडतोड केली. वायनोने लग्न केलं नाही. गाई त्याने कधीच विकल्या, पण टेकडीकडच्या तुकड्यातलं गवत तो अजून दर उन्हाळ्यात कापतो. गाई नसताना गवत कशाला, असं गावात त्याला कोणी विचारत नाही.

शनिवारी लेम्पीच्या परसातली सौना, म्हणजे वाफ घ्यायची लाकडी खोली, तापते. आधी वायनो वाफ घेतो, मग ती, मग स्वयंपाकघरात कॉफी आणि वेलदोड्याचा पाव. त्या तासाभरात वायनो जेवढं बोलतो तेवढं आठवडाभरात बोलत नाही, आणि तेही फार नसतं.

गेल्या उन्हाळ्यात लेम्पीच्या मुलीने, करीनने, तळघरातली जुनी गॅसची भट्टी काढून नवी बसवली. जुनीचा धूर धुराड्यातून वर जायचा. नवीला धुराडं लागत नाही. तिच्या दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या नळ्या उत्तरेच्या भिंतीतून, गुडघ्याच्या उंचीवर बाहेर येतात. एकीतून ती बाहेरची हवा आत घेते, दुसरीतून धूर सोडते. घर त्या भट्टीने तापवलेल्या हवेवर हिवाळा काढतं.

गठ्ठे रचताना वायनो या नळ्यांपुढे बराच वेळ उभा राहिला. त्याच्या स्वतःच्या घरात बर्चचं लाकूड जळतं.

"यांचं काय करू?" त्याने खिडकीतल्या लेम्पीला विचारलं.

"मला काय माहीत. करीनला फोन करून विचार."

"नको."

नळ्या त्याने बुजवल्या नाहीत, तेवढं त्याला कळत होतं. पण सरोवरावरून येणारा वारा नेमका त्याच भिंतीवर आपटतो. म्हणून त्याने नळ्यांच्या दोन्ही बाजूंना गठ्ठे उभे केले, वर फळी टाकली, फळीवर फांद्या, आणि समोरची बाजू उघडी ठेवली. एक छोटा आडोसा तयार झाला. घरी जाण्याआधी तो मागे फिरून पुन्हा एकदा तो बघून आला.

डिसेंबरात भट्टी विझायला लागली. पंखा सुरू व्हायचा, टक्‌ आवाज यायचा, ज्योत लागायची आणि थोड्याच वेळात जायची. पुन्हा लागायची, पुन्हा जायची. असं काही वेळा झालं की यंत्र स्वतःच हात टेकायचं आणि बराच वेळ गप्प बसायचं. रोज नाही, मधूनच. लेम्पी कोट घालून भाजी चिरायला लागली.

करीन ग्रीन बे शहरात राहते, दातांच्या दवाखान्यात काम करते आणि रोज संध्याकाळी फोन करते.

"आई, घरात तापमान किती आहे?"

"आहे ठीक."

"आकडा सांग."

"चष्मा सापडत नाहीये गं."

"तुझा चष्मा दिवस मावळला की बरोबर हरवतो." करीन म्हणाली. "हे बघ. पुन्हा एकदा भट्टी बंद पडली तर मी येणार आणि तुला घेऊन जाणार. इथल्या वृद्धाश्रमात खोली धरून ठेवलीय. खिडकीतून नदी दिसते."

"नदी बघून मी काय करू?"

"तापमान वाचायचं तरी वाचेल."

लेम्पीने रोंडा बोद्वांला बोलावलं. रोंडा या किनाऱ्यावरच्या भट्ट्या दुरुस्त करते. तिचे वडीलही तेच करायचे. गावातल्या सगळ्यांसारखी तीही लेम्पीला मुम्मू म्हणते. लेम्पीसारख्या फिनिश लोकांत आजीला तसं म्हणतात, आणि रोंडा फिनिश नसली तरी गावातलीच आहे.

पहिल्या खेपेला तिने ज्योत ओळखणारी दांडी काढली. ही पेन्सिलीपेक्षा बारीक सळी ज्योतीत उभी असते. तिला ज्योत जाणवली नाही तर यंत्र गॅस बंद करतं. तिच्यावर पांढरट थर होता. रोंडाने तारेच्या काथ्याने घासून ती परत बसवली. भट्टी चालली. दोन दिवसांनी विझली. दुसऱ्या खेपेला तिने तारांचे जोड तपासले, गॅसचा दाब मोजला, धुरातून साचणारं पाणी वाहून नेणारी नळी धुतली, कमरेएवढ्या बर्फातून जाऊन बाहेरच्या नळ्याही लांबून पाहिल्या. समोरचा बर्फ वितळून तोंडं उघडी राहिली होती, वाफ बाहेर येत होती. त्या दिवशी वारा नव्हता. भट्टी तिच्यासमोर तासभर गुणी मुलीसारखी चालली.

"माझ्यासमोर नाटक करते ही," रोंडा म्हणाली.

"करीनसमोर करायला सांग की," लेम्पी म्हणाली.

तिसऱ्या खेपेला सरोवरावरून वारा सुटला होता. भट्टी पेटत होती आणि विझत होती. रोंडा खाली बसून बघत राहिली. मग तिने हवा आत आणणारी नळी भट्टीपासून सोडवली, म्हणजे भट्टी तळघरातलीच हवा घेणार. ज्योत निळी, सरळ, आणि टिकली. नळी परत जोडली. ज्योत पिवळट झाली, डोलली, गेली. रोंडाने नळी पुन्हा काढली आणि आत बोटं घातली. बाहेर रक्त गोठवणारी थंडी, आणि त्या नळीचा आतला भाग कोमट आणि ओला होता.

ती फावडं घेऊन बाहेर गेली. वायनो पायऱ्यांवरचा बर्फ काढत होता. तोही मागोमाग आला.

"हे कोणी केलंय?" आडोशापुढे उभं राहून रोंडाने विचारलं.

"मी. का?"

तिने सांगितलं. भट्टी सोडते तो धूर समोरून जातो खरा, पण वारा त्याला आत ढकलतो. गठ्ठे आणि फळी त्याला बाजूला जाऊ देत नाहीत. शेजारची नळी तोच धूर ओढून घेते. "सोडलेला श्वास परत घेतेय ती, वायनो. अशी ज्योत जगत नाही. धूर घरात शिरला नाही, हे नशीब."

वायनोने फळीवरच्या फांद्या उचलल्या, मग फळी काढली. रोंडा मदतीला पुढे झाली तर त्याने हाताने तिला थांबवलं. गठ्ठे गोठून एकमेकांना चिकटले होते. घरून ट्रॅक्टर आणि कुऱ्हाड आणून त्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने ते सोडवले, आणि मग उत्तरेच्या भिंतीचे सगळेच गठ्ठे, नळ्यांपासून लांब होते तेही, बर्फावरून ओढत नेऊन गाडीत टाकले. लेम्पी दारात येऊन उभी होती.

"सगळे कशाला नेतोस? भिंतीला थंडी लागेल."

त्याने ट्रॅक्टर सुरू केला.

"याचं तोंड उघडायलाही फावडं लागतं," लेम्पी रोंडाला म्हणाली. ट्रॅक्टर शेतापलीकडे गेल्यावर तिने आवाज खाली आणला. "करीनला हे कळता कामा नये. मी सांगीन, एक तार खराब होती."

"मुम्मू, तार खराब होती म्हटलं तर ती म्हणेल, उद्या दुसरी होईल. ती तुम्हाला घेऊन जाईल."

"आणि वायनोने केलं म्हटलं, तर तो या अंगणात पुन्हा पाय ठेवणार नाही. ओळखते मी त्याला."

रोंडाने नळ्यांना वर वळवून, एकमेकींपासून लांब नेणारे तुकडे बसवून दिले, हत्यारं पेटीत भरली आणि ती गेली. भट्टी त्या दिवसापासून विझली नाही. शनिवारी सौना तापली. वायनो आला नाही. लेम्पीने एकटीने वाफ घेतली आणि पावाची अर्धी लादी तशीच फडक्यात गुंडाळून ठेवली.

भट्टी पुन्हा बंद पडली होती हे कळल्यावर रविवारी करीन आली. डिकीत दोन रिकाम्या बॅगा होत्या. लेम्पीने तारेची गोष्ट सांगितली.

"कुठली तार?"

"असते ना, आतली. लाल."

"आई, ती भट्टी नवी आहे. नव्या भट्टीची तार पहिल्याच हिवाळ्यात जात असेल, तर मला तिच्यावर भरवसा नाही. तू इथे थंडीत पडून राहिलीस तर मला कोण कळवणार? चार कपडे काढ. बाकीचं उन्हाळ्यात बघू."

लेम्पी उठली नाही. वाद घालायला तिच्याकडे खरी गोष्ट होती, आणि ती तिला वापरायची नव्हती. कपाट उघडून करीनने स्वतःच स्वेटर काढायला घेतले.

तेव्हा वायनो आला. दाढी केलेली होती आणि अंगात अंत्ययात्रेला घालतो तो शर्ट होता. टोपी हातात घेऊन तो दाराशी उभा राहिला.

"बसा ना वायनोकाका," करीन म्हणाली.

तो बसला नाही. "भट्टी चांगली आहे," तो म्हणाला. "मी तिचं नाक दाबलं होतं."

"म्हणजे?"

त्याने सांगितलं. गठ्ठे, फळी, फांद्या, वारा. मध्ये थांबत, पण सगळं. "वारा लागू नये म्हणून केलं. विचारायला हवं होतं तुला. तुझी आई विचार म्हणाली होती."

करीन बाहेर जाऊन उत्तरेची भिंत बघून आली. तिच्या बुटांवरचा बर्फ स्वयंपाकघरात वितळायला लागला.

"आणि तू म्हणालीस तार," ती आईला म्हणाली.

"तारही असेलच की आत कुठेतरी."

करीन खुर्चीत बसली. हसू आवरायला तिला खिडकीकडे बघावं लागलं. मग ती गंभीर झाली. "काका, धूर आत आला असता तर? ती झोपेत गेली असती."

"हो," वायनो म्हणाला. "तेच डोक्यात आहे. रोज."

लेम्पीने उठून फडक्यातला पाव बाहेर काढला. तो कडक झाला होता, म्हणून तिने तो कापून तव्यावर लोण्यात परतला. करीनने दोन तुकडे खाल्ले, हात पुसले आणि स्वेटर एकेक करून कपाटात परत ठेवले.

"वसंतापर्यंत राहा," ती म्हणाली. "पण फोन मी आता काकांना करणार. तू खोटं बोलतेस."

"माझा फोन चालत नाही," वायनो म्हणाला.

"मग इथे येऊन घ्या."

तेव्हापासून दिवस मावळताना वायनो बटाट्याच्या शेतातून येतो. आधी उत्तरेच्या भिंतीपाशी जाऊन नळ्यांभोवतीचा बर्फ काढतो, मग तळघरात उतरून गुडघ्यावर बसतो आणि भट्टीच्या छोट्या काचेतून आत बघतो. वर येतो तोवर फोन वाजतो.

"पेटलेली आहे?" करीन विचारते.

"आहे."

"रंग?"

"निळा."

फोन तेवढ्यावर संपतो. वायनो घरी जायला निघतो तेव्हा लेम्पीची रात्रीच्या जेवणाची भांडी विसळून झालेली असतात. दोन ताटं, दोन पेले.