तिसातली एक तार

पोपट भोईर पन्नाशीला टेकले आणि डोंबिवली एमआयडीसीतला त्यांचा कारखाना बंद झाला. एकोणतीस वर्षं त्यांनी तिथे स्कूटरच्या क्लचच्या आणि ब्रेकच्या वायरी बनवल्या होत्या. आतली तार, तिच्यावर स्प्रिंगसारखं घट्ट गुंडाळलेलं आउटर आणि टोकाला ओतलेली जस्ताची गोळी, यापलीकडे आपल्याला फारसं काही येत नाही हे ते स्वतःच सांगत. सोनारपाड्यात स्वतःचं घर होतं, मुलगी अक्षदा लग्न होऊन बदलापूरला गेली होती. बायको मंजुळा म्हणाली, चार महिने बसा आता निवांत. ते अकरा दिवस बसले.

कोलशेतच्या एका छोट्या कंपनीला बारीक तारेचं काम जाणणारा माणूस हवा होता, हे त्यांना तार विकणाऱ्या जुन्या व्यापाऱ्याकडून कळलं. मुलाखत घेतली समिधा करंदीकर नावाच्या बत्तीस वर्षांच्या इंजिनीअर बाईंनी. समिधाने एका टोकाला मूठ असलेली एक लांब पांढरी नळी टेबलावर ठेवली आणि सांगितलं, की ही मांडीच्या शिरेतून थेट हृदयापर्यंत जाते. मुठीवरची चकती फिरवली की आतली केसाएवढी तार ओढली जाते, नळीचं टोक वळतं, आणि डॉक्टरांना ते हव्या त्या जागी नेता येतं. अडचण एवढीच होती, की टेबलावर सरळ ठेवलं तर टोक छान वळायचं, पण शिरेसारख्या वाकड्यातिकड्या वाटेत घातलं की अर्धंच वळायचं.

पोपटरावांनी चकती दोनदा फिरवली, नळीवरून अंगठा नेला आणि विचारलं, "याचं आउटर कुठाय?"

समिधाला प्रश्न कळला नाही. मग पोपटरावांनी समजावलं. स्कूटरच्या तारेवरचं आउटर नरम असेल तर लिव्हर दाबल्यावर क्लच हलायच्या आधी आउटरच दबतं. ओढ सगळी वाटेतच मुरते. इथेही नळीच आखडत असणार. समिधाला हे तत्त्व पुस्तकातून ठाऊक होतं. नळीच्या भिंतीत विणलेली जाळी तेवढा दाब सोसेल अशी तिची समजूत होती. तिने थोडा वेळ नळीकडे पाहिलं आणि ते कधीपासून येऊ शकतील ते विचारलं.

पहिला प्रयोग फसला. तारेभोवती बारीक स्प्रिंग घालून ती नळीत पक्की चिकटवली, तर नळी काठीसारखी ताठ झाली. पोपटराव म्हणाले, स्कूटरला आउटर दोन टोकांना टेकवतात, मध्ये मोकळंच सोडतात. तसं केल्यावर टोक वाकड्या वाटेतही पुरतं वळू लागलं. पुढे शोध घेताना कळलं, की परदेशात ही युक्ती फार आधी करून झाली होती. समिधाला जरा वाईट वाटलं. पोपटरावांना उलट बरं वाटलं. म्हणजे चालते, असं ते म्हणाले.

कंपनीत सगळे त्यांना काका म्हणत. टोपी, मास्क आणि पांढरा झगा घालून ते दिवसभर भिंगाखाली तारा बसवत. चिमट्याच्या दातांना त्यांनी स्वतः रबर लावून घेतलं होतं, तारेला ओरखडा जाऊ नये म्हणून.

तिसऱ्या वर्षी मोठी चाचणी आली. ठरलेल्या नियमाप्रमाणे तीस नळ्या बनवायच्या आणि यंत्राने प्रत्येकीची चकती दोनशे वेळा फिरवायची. एकही तुटता कामा नये. तीसच्या तीस पोपटरावांनी जोडल्या. त्यातली सतरावी एकशे त्रेचाळिसाव्या फेऱ्याला तुटली. बाकी एकोणतीस पार पडल्या.

तार तुटली होती ती मुठीच्या आत, नेमकी तिथे, जिथे जोडताना ती चिमट्यात धरावी लागते. प्रकल्पाचे प्रमुख केतन देव हे शांत माणूस होते, कधी आवाज चढवत नसत. त्यांनी पोपटरावांना केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि एक कागद पुढे ठेवला. जोडणी करताना तारेला इजा झाली असावी, असं त्यात लिहिलं होतं. खाली जोडणाऱ्याची सही हवी होती. ती झाली, की सतरावी बाजूला ठेवून तिच्या जागी एक नवी तपासता येणार होती. कारवाई काही होणार नाही, केतन म्हणाले. माणसाच्या हातून एखादी गोष्ट होतेच. आणि ते खरंही होतं.

पोपटरावांनी एक दिवस मागून घेतला.

घरी त्यांनी मंजुळेला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने विचारलं, "चूक तुमची हाय का नाय, ते तुमाला तरी ठाव हाय का?"

ठाऊक नव्हतं, तीच तर अडचण होती. तीस मुठी, महिनाभराचं काम. सतराव्या वेळी हात कसा पडला हे कोण सांगणार? पण त्यांना दुसरंच काही आठवत होतं. जुन्या कारखान्यात एकदा कल्याणच्या गॅरेजवाल्याने ब्रेकच्या काही वायरी परत आणल्या होत्या, गोळी सुटते म्हणून. मालक म्हणाले, तुम्ही जास्त ओढता. पोपटराव शेजारीच उभे होते. जस्त त्या दिवशी नीट तापलं नव्हतं हे त्यांना माहीत होतं, पण त्यांनीही मान डोलावली. त्या वायरींचं पुढे रस्त्यावर काय झालं, ते कुणालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये समिधाही होती. पोपटरावांनी कागद सही न करताच परत केला.

"चूक माझी असेलही, सर," ते म्हणाले. "पण आहे असं मी लिहून नाही देणार. उरलेल्या एकोणतीस उघडून बघा. सगळ्या चांगल्या निघाल्या, तर समोर बसून सही करतो."

मुठी उघडायच्या म्हणजे चांगल्या पास झालेल्या नळ्या कापायच्या. केतननी ते सावकाश समजावून सांगितलं आणि समिधाकडे पाहिलं. मुठीची रचना तिची होती. ती उठून बाहेर गेली आणि पहिली मूठ तिने स्वतःच्या हाताने कापली.

मुठीत, चिमटा लागतो त्याच जागी, तार एका बारीक पोलादी पिनेवरून वळत होती. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्या वळणावर एकोणतीसपैकी नऊ तारांना तडे गेले होते. पोपटरावांचा चिमटा जिथे लागत नव्हता, तिथेही. पीन फारच बारीक होती. तार दर वेळी तिच्यावर मोडल्यासारखी वाकत होती. केतननी अहवालात रचनेचा दोष असं लिहिलं, आणि कागद फाडून टाकला. समिधा दोन दिवस कामापुरतंच बोलत होती. तिसऱ्या दिवशी ती पोपटरावांच्या टेबलाशी आली आणि तिने विचारलं, "काका, स्कूटरला तार कशावरून वळवतात?"

पिनेच्या जागी खाच असलेलं मोठं चाक आलं. मूठ जाड झाली, साचा नवा करावा लागला. सात महिने गेले. मधल्या काळात केतन बंगळुरूच्या दुसऱ्या कंपनीत गेले. जाताना सगळ्यांना भेटले, पोपटरावांनाही. पुढच्या वेळी तीसच्या तीस नळ्या दोनशे फेरे पुरे करून बाहेर आल्या. या खेपेला समिधाने कुणी न सांगता त्यातल्या पाच उघडून पाहिल्या. तारा साफ होत्या.

आणखी दीड वर्षाने परवानग्या मिळाल्या आणि एका इस्पितळात पहिल्या रुग्णावर ती नळी वापरायचं ठरलं. समिधाने पोपटरावांना बरोबर नेलं. क्ष-किरण अडवणारा शिशाचा जड कोट घालून ते काचेमागे उभे राहिले. पडद्यावर करड्या धुक्यात एक काळी रेघ वर सरकत होती. टोक वळलं, थांबलं, थोडं मागे आलं, पुन्हा वळलं. तासाभरात काम उरकलं. डॉक्टर बाई हातमोजे काढत म्हणाल्या, टोक चांगलं ऐकतं, मूठ मात्र माझ्या हाताला मोठी होते. समिधाने वहीत टिपून घेतलं.

संध्याकाळी मंजुळेने विचारलं, पेशंट कोण होता? पोपटरावांना सांगता येईना. हिरव्या कापडाखाली माणूस झाकलेला होता आणि ते सगळा वेळ पडद्याकडेच पाहत होते. बाई की पुरुष, तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समिधाला विचारायला लावलं. नाव सांगता येणार नाही, असं इस्पितळातून कळवलं. पण बाई होत्या, साठीच्या, आणि ठीक होत्या. तिसऱ्या दिवशी त्या बाईंना घरी सोडल्याचं कळलं. पोपटरावांनी हे मंजुळेला फोन करून सांगितलं आणि मास्क चढवून ते भिंगाशी बसले.