बेंबीवरचा ढब्बू पैसा

मिरजेला डॉक्टरीच्या दुसऱ्या वर्षात असताना मी सुट्टीला आटपाडीकडच्या आमच्या गावी गेलो. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मी अजून पेशंट तपासत नाही, हे तिथं कुणालाच पटत नसे. शेजाऱ्यांनी मला त्यांची शेळीसुद्धा दाखवली होती.

बहीण बाळंतपणाला आली होती. तिच्या दीड महिन्याच्या मुलाची बेंबी लिंबाएवढी फुगली होती. आमच्याकडे अशा बेंबीवर नाणं बांधतात. आईनं जुना, जाडजूड ढब्बू पैसा ठेवून वर चिंधी आवळली होती. मी चिंधी सोडली. खालची कातडी लालभडक आणि ओलसर झाली होती.

"हे नको," मी म्हणालो. "हा बहुतेक हर्निया आहे. बेंबीमागचं भोक बुजलेलं नसतं, तिथून आतडं पुढं येतं."

"आतडं?" बहीण दचकली.

इथं थांबायला हवं होतं. पण हा धडा माझा चांगला पाठ होता. गर्भात सगळ्यांचीच आतडी काही दिवस नाळेत असतात, मग आत परततात; काही बाळांची परततच नाहीत; काही तर आतडी उघडी घेऊन जन्मतात आणि त्यांचं लगेच ऑपरेशन करावं लागतं, असं मी सगळं सांगितलं. 'याचं तसं नाही' हे वाक्य शेवटी ठेवलं होतं. तोवर बहीण रडू लागली.

"बाळंतिणीला रडवायला शिकलास व्हय रं?" आई कडाडली.

"म्हंजी ह्येला कापायचं?" बहिणीनं विचारलं.

"बहुतेक नाही."

"ह्येचं समदंच बहुतेक!" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एसटीनं आम्ही मिरजेला आलो. लहान मुलांच्या सर्जन मॅडमनी बेंबीवर हलकेच बोट दाबलं. गुडगुड करत ती आत गेली. बोट काढलं, बाळ रडलं आणि ती पुन्हा बाहेर आली.

"भोक लहान आहे. बहुतेक आपोआप बुजेल," मॅडम म्हणाल्या. आईनं माझ्याकडे पाहिलं. मॅडम पुढं सांगू लागल्या, "बाळ पाच वर्षांचं झाल्यावरही बेंबी फुगलेलीच राहिली, तर छोटं ऑपरेशन. मात्र ती कडक झाली, आत जाईना किंवा बाळ ओकायला लागलं, तर लगेच आणायचं. कातडीला मलम देते. बांधायचं काही नाही."

"कायच न्हाई?" आईला ते पटेना. "आवं, एवढ्या लांबनं आलोय. निदान सुई तरी टोचा."

"कुणाला?"

आईनं थोडा विचार केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्येला टोचा. पोरीला लय रडवलंय."

बाहेर बाकावर बसल्यावर बहिणीनं भीत भीत बेंबीवर बोट ठेवलं. गुडगुड झालं. कालपासून ती पहिल्यांदाच हसली.

"बघू, मला दाबू दे," आई पुढं सरकली.

"थांब," बहिणीनं बाळ जवळ ओढलं. "आदी हात धुऊन ये."