आमची शेळी पाच भाषांत

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी आपोआप वाढतात. एक करडं आणि दुसरे किस्से. करडं निदान विकली तरी जातात. किस्से कुणी घेऊन जात नाही, त्यामुळं लई साठलेत. तुम्ही आलाच आहात तर बसा, चहा सांगितलाय, थोडे तुमच्या पदरात टाकतो!

आधी ऑफिस कळलं पाहिजे. सास्तुरात, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या आमच्या गावात, आप्पांच्या किराणा दुकानाला लागून एक खोली आहे, तिच्यावर 'महिला शेळीपालक गट' अशी पाटी. अध्यक्ष छायाताई. बोलायला गोड, पण एकदा डोक्यात आलं की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. आणि मी. लातूरला कॉम्प्युटरचा कोर्स करून आलो. पुरा केला का अर्धा, ते कुणी विचारलं नाही. आपल्याकडं कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस 'सर' असतो, विषय संपला.

आता वेबसाइट कशाला केली ते ऐका. शेळी पाळते बाई. चारापाणी बाईचं, बाळंतपण बाईचं. विकायची वेळ आली की मात्र दोरी पुरुषाच्या हातात, कारण बाजारात सौदा होतो टॉवेलाखाली. घेणारा हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आणि विकणारा हातात हात घेतात, वर टॉवेल टाकतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती सगळा बाजार उभा असला तरी कुणाला पत्ता लागत नाही. आता परक्या पुरुषाच्या हातात हात देऊन बाई कशी उभी राहणार?

आमच्या गटातल्या गयाबाईचं हेच दुखणं. मालक पुण्याला वॉचमन, म्हणून शेळ्या विकायला दीर भगवानभाऊ. गयाबाई दर वेळी विचारायची, "भावजी, कितीला दिली?" आणि भगवानभाऊ दर वेळी टॉवेल खांद्यावर टाकत म्हणायचे, "वहिनी, टॉवेलाखालचं इचारायचं नसतं." वाईट माणूस नाही हो! पैसे आणून द्यायचे. पण भाव कधी सांगितला नाही. त्यांच्या वडलांनीही सांगितला नसंल.

गटाच्या पहिल्याच मीटिंगला गयाबाई उठून म्हणाली, "मला एक शेळी माझ्या हातानं इकायचीय. एकच. मग डोळं मिटलं तरी चालंल."

छायाताईनं टेबलावर हात आपटला. "वेबसाइट करू! गिऱ्हाईक थेट तुमच्याशी बोलंल. कर्नाटकातलं, तेलंगणातलं, कुठलं का असंना."

भाषेचं काय, तर त्यालाही इलाज होता. एक बटन बसवायचं, की मराठीत लिहिलेलं आपोआप कन्नड, तेलुगू, हिंदी, इंग्रजीत. भगवानभाऊ दारात उभे राहून हसले. "दिवाळीपस्तोर बघतो. न्हाय इकली तर चांदीला मी बाजारात नेनार." चांदी म्हणजे गयाबाईची शेळी. शिंगापासून खुरापर्यंत काळी कुळकुळीत, आणि नाव चांदी!

* * *

बटन बसवलं त्या दिवशी कन्नड तपासायला शेजारून आप्पांना बोलावलं. आप्पा लिंगायत, घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि उधारी मागताना दोन्ही. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि पूजा सांगितल्यासारखं सगळं पान मोठ्यानं वाचून काढलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

"कसं हाय, आप्पा?"

"चूक न्हाय कुठं. कन्नड लई शुद्ध हाय."

"मग झालं की!"

"काय झालं? एवढ्या अदबीनं कुणी शेळी इकतंय व्हय? गिऱ्हाइकाला वाटंल चोरीची हाय!"

* * *

वेबसाइट सुरू झाली, पण महिना झाला, दुसरा निघाला, एक गिऱ्हाईक वळंना. मला खोड अशी, की एखादी गोष्ट का चालत नाही ते कळल्याशिवाय जेवण जात नाही. वाटलं, भाषांतरच चुकतंय. एक दिवस हिंदी पान उघडून शब्दन् शब्द लावून बघितला. एकही चूक नाही!

चूक निराळीच होती. शेळ्यांचं वर्णन बायांनी स्वतः सांगितलं होतं, मी फक्त टाइप केलेलं. चांदीपुढं गयाबाईनं सांगितलं होतं, "बरी हाय. खाती. दूध असतंय थोडं. लई सांगन्यासारखं काय न्हाय." भाषांतराचं मशीन बिचारं इमानदार. हिंदीत, तेलुगूत, इंग्रजीत चारी दिशांना सांगत सुटलं होतं की शेळी बरी आहे आणि सांगण्यासारखं काही नाही!

आणि चांदी म्हणजे गावातली एक नंबर शेळी. दर वेताला जुळी, आणि दोन्ही करडं पिऊन वर घरात चहाला दूध.

"अवो गयाबाई, गुण सांगा की तिचे!"

"आन् दिष्ट लागली मंजे? काढायला तुमची वेबसाइट येनार हाय व्हय?"

आपल्या जनावराचं आपल्या तोंडानं कौतुक करायचं नाही, ही इथली रीत. इथलं गिऱ्हाईक 'बरी हाय' ऐकलं की समजून जातं, पण हैदराबादच्या माणसाला कोण सांगणार? फोटोचंही तेच. काळ्या शेळीला काळी तीट दिसत नाही, तेव्हा दिष्ट लागू नये म्हणून गयाबाईनं चांदीच्या गळ्यात जुन्या चपलेचा एक पाय बांधलेला. तो फोटोत ठळक आला. त्यावर हैदराबादहून पहिली चौकशी आली, तिचं मशीननं केलेलं मराठी मी सगळ्यांना वाचून दाखवलं. "चप्पल आवडली. दुसरा पाय पण सोबत मिळेल काय?"

* * *

वेबसाइटवर 'किती उपलब्ध' असा एक रकाना असतो. तिथं आकडा टाकायचा, शेंबडं पोरगंसुद्धा टाकंल. पण दावणीची जनावरं मोजून कोण सांगतंय? तीही दिष्टच की! मी विचारलं, "शेळ्या किती?" एकजात सगळ्या बाया म्हणाल्या, "देवाची दया हाय."

मला राग आला. सगळ्या गावाला माहीत आहे, माझा राग नाकाच्या शेंड्यावर. म्हटलं, मग हेच टाकतो. रकान्यात टाइप केलं, 'देवाची दया', आणि मशीननं पाची भाषांत टाकलं. मनात म्हटलं, आता बसा!

चौथ्या का पाचव्या दिवशी बेंगळुरूच्या एका साहेबांचा इंग्रजी मेल. बटन दाबलं, मराठीत वाचला, आणि चहा नाकातून बाहेर आला.

"देवाची दया दहापेक्षा जास्त आहे का, कृपया कळवावे."

* * *

तेलंगणातून एकदा तेलुगू पत्र आलं, खास गयाबाईच्या नावानं. मशीननं त्याचं जे मराठी केलं तसं मराठी सास्तुरात कुणी बोलत नाही. "आदरणीय महोदया, आपण कुशल असाल अशी आशा आहे. आपल्या शेळीची प्रकृती कशी आहे? आपल्या उत्तराची मी नम्रपणे प्रतीक्षा करीत आहे."

गयाबाई पदर सावरून नीट बसली. "परत वाचा."

वाचलं. परत वाचा म्हणाली. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा तिचे डोळे भरलेले. उत्तर पाठवलं, पण ते गिऱ्हाईक काही आलं नाही. मलाच वाईट वाटलं, म्हटलं, गयाबाई, एवढं गोड बोलून गेलाच की ओ तो.

"जाऊ द्या. इचारलं तर नीट! आमच्या मालकानं न्हाय कदी अशी माजी प्रकृती इचारली." मग जाता जाता दारातून वळली. "सर, भावजी आले की त्यांच्यापुढं येकदा वाचा."

* * *

मशीनला तोंडी बोललेलंही कळतं असं मी आप्पांना सांगितलं. आप्पांचा विश्वास नव्हता. फोन तोंडाशी धरून त्यांनी त्यांच्या नेहमीच्या बोलीत, निम्मं कन्नड निम्मं मराठी, मधी उर्दूची फोडणी, असं लांबलचक काहीतरी ऐकवलं. फोन बराच वेळ गरगर फिरला आणि म्हणाला, "भाषा ओळखता आली नाही."

आप्पा भडकले. "आख्खी हयात गेली हे बोलन्यात! बायकोला कळतंय, गिऱ्हाइकाला कळतंय, ह्यालाच कळंना?"

तेवढ्यात दुकानातून काकूंचा आवाज आला, "मला कुठं कळतंय? म्या नुसती मान हालविती!"

* * *

दसरा झाला तरी एक शेळी विकली गेली नव्हती. भगवानभाऊ येता-जाता चांदीच्या पाठीवर हात फिरवून बघायचे. तेव्हा छायाताईला सुचलं. "आप्पा, तुम्ही कन्नडमधी लिवा. मशीनचं काढून टाका, तुमचं टाका. चांदीचं जेवढं कौतुक करायचं तेवढं करा."

गयाबाई घाबरली. "कन्नडमधी लागत न्हाय व्हय दिष्ट?"

"लावनाऱ्याला आदी वाचता आलं पायजे की!" आप्पा म्हणाले. "गावात माज्याबिगर कन्नड वाचतंय कोन?"

हे गयाबाईला पटलं. मराठीत चांदी 'बरी हाय' अशीच राहिली आणि कन्नडमध्ये आप्पांनी हात सैल सोडला. मला राहवेना. त्यांनी लिहिलेलं मी मशीनला उलटं मराठीत करायला सांगितलं, तर शेवटची ओळ आली, "ही शेळी ज्या घरात जाईल त्या घरात सासू-सुनेचे भांडण उरणार नाही."

आप्पांना विचारलं, हे काय? म्हणाले, "दूध पुरतंय की दोघींच्या चहाला!"

* * *

दिवाळी तोंडावर आली आणि कन्नडमधून निरोप आला. मशीननं मराठी केलं, "चांदी पाहण्यासाठी बुधवारी येत आहे. पाटील." गाव आळंदच्या बाजूचं, हद्दीपलीकडचं.

बुधवारी सकाळपासून ऑफिससमोर गर्दी. भगवानभाऊ नवा कोरा टॉवेल खांद्यावर टाकून हजर. गयाबाई म्हणाली, "भावजी, आज म्या इकनार हाय."

"इका की! पन पाटलाच्या हातात हात कोन देनार? तुमी?"

गयाबाईचं तोंड एवढंसं झालं. पाच भाषा केल्या, पण गाडी शेवटी त्याच टॉवेलापाशी येऊन अडकली होती. मला तर ते सगळं बटन उपटून फेकावंसं वाटलं.

जीप आली. ड्रायव्हरच्या बाजूनं इरकली नेसलेली, कपाळावर इभूतीचे पट्टे ओढलेली एक बाई उतरली. आप्पांनी कन्नडमध्ये विचारलं, पाटील कुठायत? ती काहीतरी बोलली आणि आप्पा आमच्याकडं वळले. "म्हनती, मीच."

बाई थेट चांदीकडं गेली. तोंड उघडून दात बघितले, कास चाचपली, गळ्यातली चप्पल बघून समाधानानं मान हलवली. मग भावाची वेळ आली. आप्पा पुढं सरकले, तशी गयाबाई म्हणाली, "आप्पा, तुमी बापमानूस. पन आज मधी कुनी पुरुष नगं."

मग मशीन! मी फोन दोघींच्या मधी धरला. बाई बोलली आणि फोन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "आपण या प्राण्याचे किती मूल्य अपेक्षित करता?"

पंगतीत कुणी जोरात ढेकर दिल्यावर बघावं, तसं दोघींनी फोनकडं बघितलं! भाव असा चारचौघांत बोलतात व्हय?

गयाबाई भगवानभाऊंपुढं जाऊन उभी राहिली. "भावजी, टॉवेल द्या जरा."

त्यांनी दिला. देण्यावाचून इलाज नव्हता. गयाबाईनं हात पुढं केला, पाटलीणबाईनं तो धरला, आणि वर टॉवेल पडला.

छायाताई हळूच म्हणाली, "गयाबाई, येतंय का तुमाला?"

"बाप हेडी हुता माजा. ल्हानपनी माज्याच बोटांवर शिकवायचा," टॉवेलावरची नजर न काढता गयाबाई म्हणाली. "पुढं हात धरायला बाई गिऱ्हाईक कुटं आलं?"

सगळी गल्ली टाचा उंचावून बघत होती. टॉवेल नुसता हलत होता. पाटलीणबाईनं भुवई उचलली, गयाबाईनं मान हलवली. पाटलीणबाई हसली. परत टॉवेल हलला. माझ्या हातातला फोन म्हणाला, "क्षमस्व, काही ऐकू आले नाही. कृपया पुन्हा बोला." आप्पांनी तो माझ्याकडून ओढून घेतला आणि खिशात कोंबला.

मग दोघींचे हात एकदा घट्ट झाले आणि सुटले. पाटलीणबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि आमच्याकडं पाठ करून गयाबाईच्या ओच्यात पैसे घातले. गयाबाईनं चांदीच्या कपाळावरून हात फिरवला, दोरी स्वतःच्या हातानं तिच्या हातात दिली. जीप गेली तरी ती तिकडंच बघत उभी होती. रडत होती, आणि हसतही होती.

भगवानभाऊंना दम निघंना. जवळ जाऊन म्हणाले, "वहिनी, कितीला दिली?"

गयाबाईनं टॉवेल झटकला, नीट घडी केली आणि त्यांच्या खांद्यावर ठेवली.

"भावजी, टॉवेलाखालचं इचारायचं नसतं."